‘बोर्ड गेलाय’ म्हणण्याआधी: घरच्या ओव्हनमधला इलेक्ट्रॉनिक बिघाड कसा शोधायचा

ओव्हन तापत नाही, डिस्प्ले अंधारलेला आहे किंवा बटणं दाद देत नाहीत. माणूस बोलावला की तो बाहेरूनच बघून ‘बोर्ड गेलाय’ म्हणतो, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी जळाली. बोर्डाची किंमत ऐकून घरातले ओव्हनवर चादर टाकतात आणि नवीन घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. सांगली-मिरजेच्या बाजूला घरगुती उपकरणं दुरुस्त करताना असे चादर टाकलेले ओव्हन मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचा बोर्ड धडधाकट होता. बिघाड घड्याळाच्या सेटिंगमध्ये होता, सॉकेटमागच्या सैल वायरीत होता, सेन्सरमध्ये होता, नाहीतर बोर्डावरच्या एखाद्या किरकोळ किमतीच्या कपॅसिटरमध्ये. बोर्ड हा ओव्हनमधला सगळ्यात महाग सुटा भाग आहे, म्हणून त्याच्यावर आळ सगळ्यात शेवटी घ्यायचा. तपास बाहेरून आत, स्वस्तापासून महागाकडे करत जायचा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आपल्याकडे ओव्हन म्हणून तीन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात: ओट्यावरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), मॉड्युलर किचनच्या कपाटात बसवलेला बिल्ट-इन ओव्हन आणि मायक्रोवेव्ह. इथलं मार्गदर्शन पहिल्या दोघांसाठी, त्यातही डिजिटल डिस्प्ले असलेल्यांसाठी आहे. मायक्रोवेव्ह, मग तो कन्व्हेक्शनवाला का असेना, घरी उघडू नका. त्यातला हाय व्होल्टेज कपॅसिटर प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या वरचा चार्ज धरून ठेवू शकतो आणि तो जीव घेण्याइतका पुरेसा असतो.

हात घालण्याआधी

भिंतीवरचा स्विच बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. कित्येक घरांत सॉकेटला फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तिथे स्विच फक्त न्यूट्रल तोडतो आणि ओव्हनच्या आत फेज तसाच राहतो. ओटीजी असेल तर प्लग ओढून काढा आणि तो डोळ्यांसमोर ठेवा. बिल्ट-इन असेल तर त्याचा एमसीबी (वीजवाटपाच्या पेटीतला आपोआप पडणारा स्विच) पाडा, घरातल्यांना सांगा आणि एमसीबीवर चिकटपट्टी लावा. बेसिनकडे गेलेल्या माणसाने सहज एमसीबी वर केला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. मग मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावून टर्मिनलवर शून्य दिसतंय ना, हे बघा. स्क्रू ड्रायव्हरसारखा टेस्टर पेटला नाही एवढ्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट बोर्डाची. ओव्हनच्या बऱ्याच बोर्डांवर ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्ट एका कपॅसिटरमधून उतरवून त्यातूनच १२ किंवा २४ व्होल्ट डीसी तयार केलेले असतात. अशा बोर्डावरचा १२ व्होल्टचा भागही प्रत्यक्षात मेनलाइनला जोडलेला असतो. ‘बारा व्होल्टच तर आहे’ म्हणून चालू बोर्डाला बोट लावलं की जोरदार झटका बसतो. या लेखातली सगळी मोजमापं वीज बंद ठेवून करायची आहेत. जिथे चालू विजेवर मोजावं लागतं तिथे तसं लिहिलं आहे, आणि ते काम वायरमनचं किंवा तंत्रज्ञाचं आहे.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो काढायला मोबाईल. वॉरंटी शिल्लक असेल तर पाठीचा एकही स्क्रू सोडवू नका. ‘डिस्प्ले काय म्हणतोय’ आणि ‘वीज नीट येतेय का’ हे पुढचे दोन भाग मात्र वॉरंटीतही करण्यासारखे आहेत.

डिस्प्ले काय म्हणतोय?

मिरजेत एका घरी गेलो होतो. ‘अहो दादा, परवा लाइट गेली तेव्हापासून आतला दिवा लागतो, पंखा फिरतो, पण तापत मात्र नाही,’ असं काकू म्हणाल्या. डिस्प्लेवर शून्यं लुकलुकत होती आणि कोपऱ्यात ‘ऑटो’ शब्द पेटला होता. घड्याळाखाली हाताच्या पंज्याचं चिन्ह असलेलं बारीक बटण होतं. ते दाबलं, ‘ऑटो’ गेला, शून्यं थांबली आणि आतून रिलेचा, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या बोर्डावरच्या विजेच्या स्विचचा, टिक् असा आवाज आला. काकूंना बोर्डाचा भाव आधीच सांगून झाला होता.

बिल्ट-इन ओव्हनमध्ये हे सर्रास होतं. वीज गेली की घड्याळ शून्यावर येतं, आणि वेळ लावल्याशिवाय किंवा मॅन्युअल मोडवर आणल्याशिवाय कित्येक मॉडेलं हीटरला वीजच देत नाहीत. म्हणून आधी वेळ लावा, मग पंज्याचं बटण दाबा, मग नॉब फिरवा. काही घड्याळांत पंज्याचं वेगळं बटण नसतं आणि दोन बटणं एकदम दाबावी लागतात. ती कोणती, हे मॉडेलच्या पुस्तिकेत मिळेल. पुस्तिका हरवली असेल तर दाराच्या चौकटीवर किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवरून ती उतरवून घ्या. पुढच्या प्रत्येक पायरीला ती लागणार आहे.

बटणं काहीच ऐकत नसतील तर कुलपाचं किंवा किल्लीचं चिन्ह दिसतंय का बघा. हे चाइल्ड लॉक. लॉकचं बटण काही सेकंद दाबून धरलं की ते सुटतं. आणि ओव्हन दुकानातला डिस्प्ले पीस म्हणून सवलतीत घेतला असेल तर तो डेमो मोडवर असण्याची दाट शक्यता आहे. त्यात दिवा, आवाज, आकडे सगळं चालतं, फक्त हीटर चालत नाही. डेमो मोड काढायची कृती प्रत्येक कंपनीची वेगळी असते. बऱ्याच मॉडेलांत ती वीज जोडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतच करावी लागते.

यातलं काहीच नसेल तर वीज पूर्ण बंद करून दहा मिनिटं थांबा आणि परत चालू करा. अडकलेला प्रोसेसर एवढ्यानेही मोकळा होतो. डिस्प्लेवर ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होणारा कोड असेल तर त्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एकीकडे ‘एफ ३’ म्हणजे सेन्सर, तर दुसरीकडे त्याचाच अर्थ काहीतरी वेगळा. त्यामुळे यूट्यूबवरच्या भलत्याच मॉडेलच्या कोडवरून पार्ट मागवू नका.

वीज नीट येतेय का?

आपल्या भागात बिघाडांचं मूळ सगळ्यात जास्त इथे सापडतं, म्हणून इथे थोडं थांबू.

हीटर चालू होतो त्याच क्षणी डिस्प्ले मंदावतो, घड्याळ शून्यावर जातं आणि ओव्हन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हे लक्षण दिसलं की बोर्डाकडे वळण्याआधी सॉकेटकडे वळा. ओटीजी साधारण १२०० ते २००० वॅटचा, बिल्ट-इन त्याहून मोठा. ३००० वॅटच्या ओव्हनला २३० व्होल्टवर १३ अँपिअर लागतात. मिक्सरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये मल्टिप्लग घालून त्यावर ओव्हन चालवला की वायर तापते, पिना काळ्या पडतात आणि ओव्हनपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज खाली येतं. ओव्हनला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा. छोट्या ओटीजीला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते, बिल्ट-इनला मी ४ चौरस मिलिमीटरचीच टाकायला सांगतो.

सॉकेट सैल आहे का, हे कळायला सोपं आहे. अर्धा तास ओव्हन चालवून बंद करा, प्लग काढा आणि पिनेजवळ हाताची पाठ न्या. पिन चटका बसण्याइतकी गरम असेल, प्लगचं प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, तर सॉकेट बदला. वायरमनकडून आणखी एक मोजमाप करून घ्या: ओव्हन बंद असताना सॉकेटवर किती व्होल्ट आणि हीटर चालू असताना किती. चार-सहा व्होल्ट उतरले तर ठीक. २२५ वरून एकदम १९५ वर आले तर कुठेतरी जोड सैल आहे. तो सॉकेटमागे असेल, मीटरपाशी असेल किंवा खांबावरही असेल. शेजारच्यांचेही दिवे त्याच वेळी मंद होत असतील तर घरातली वायर उकरू नका. ती तक्रार महावितरणकडे १९१२ वर नोंदवायची.

याच्या उलटा आणि जास्त घातक प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडली किंवा खांबावरचा जोड सुटला की घरात २३० ऐवजी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त घुसतात. एका खोलीतले दिवे डोळे दिपतील इतके उजळले आणि दुसऱ्या खोलीतले मलूल झाले, तर दुसरा विचार न करता मेन पाडा. अशा दिवशी ओव्हनसोबत टीव्हीचा आणि फ्रिजचाही बोर्ड जातो. एप्रिल-मे महिन्यात तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात वीज कडाडायला लागली की ओव्हनचा प्लग काढून ठेवायची सवय लावा. बिल्ट-इनचा प्लग हाती लागत नाही, म्हणून डीबीमध्ये (घराच्या वीजवाटपाच्या पेटीत) क्षणभराचा विजेचा झटका झेलणारं चांगलं सर्ज प्रोटेक्शन उपकरण बसवून घेणं फायद्याचं. मात्र ते न्यूट्रल तुटल्यावर तासभर टिकणाऱ्या जास्त व्होल्टेजसाठी नसतं. त्यासाठी ओव्हर व्होल्टेजला आपोआप तोडणारा रिले वेगळा मिळतो.

अर्थिंगही याच वेळी तपासून घ्या. टच पॅनल आपोआप दाबलं जातंय असं वाटतं, किंवा ओव्हनच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, तेव्हा बहुतेक वेळा अर्थिंग नसतं किंवा तुटलेलं असतं. वायरमनने चालू विजेवर मोजल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट दिसले तर चालतं. वीस-तीस दिसत असतील तर ओव्हन लावू नका.

पाठ उघडल्यावर आधी डोळ्यांनी बघा

बिल्ट-इन ओव्हन कपाटातून काढायला दोन माणसं हवीत. दार उघडलं की बाजूच्या चौकटीत दोन किंवा चार स्क्रू दिसतात, ते सोडवले की ओव्हन पुढे सरकतो. वायर ताणू नका. पाठीचा पत्रा काढायच्या आधी आणि काढल्यावर, प्रत्येक जोडाचा जवळून फोटो घ्या. जोडणी करताना हेच फोटो कामाला येतात.

कपाटाची आतली बाजूही बघून घ्या. सुताराने मागची फळी पूर्ण बंद ठेवली असेल, खाली-वर हवा जायला जागा सोडली नसेल, तर कूलिंग फॅन गरम हवाच पुन्हा पुन्हा फिरवत राहतो आणि बोर्ड भाजत राहतो. असा ओव्हन नवीन बोर्ड घालूनही वर्ष-दोन वर्षांत परत बिघडतो. पुस्तिकेतल्या आकृतीप्रमाणे फळी कापून घ्या. फर्निचर खराब दिसेल म्हणून लोक नको म्हणतात, पण मागे कोणी बघत नाही. ओव्हन बंद केल्यावरही काही वेळ फॅन चालू राहणं हे बरोबर लक्षण आहे, त्याला बिघाड समजू नका.

बोर्डावर पहिलं काय दिसतं? बहुतेक स्वयंपाकघरांत झुरळांची घाण. उबदार, अंधारी, अन्नाच्या वासाची जागा त्यांना फार आवडते. रिलेच्या पायांजवळ काळपट ठिपके, मधूनच एखादी झुरळाच्या अंड्यांची तपकिरी कुपी, आणि दोन सोल्डर बिंदूंच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ. ही रेघ म्हणजे ओलसर घाणीतून वीज वाहून झालेला कार्बन. ओव्हन आपोआप चालू होणं, न दाबलेलं बटण दाबल्यासारखं वाटणं, बीप थांबता थांबत नसणं, याचं कारण अनेकदा हेच असतं. टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही बाजू हळूहळू घासा, सुती कापडाने टिपा आणि पूर्ण वाळू द्या. ओला असताना वीज लावायची नाही, कारण अल्कोहोल पेट घेतं. घासूनही जिथे बोर्ड काळा आणि ठिसूळच राहिला, तिथला जळका भाग तंत्रज्ञाकडून खरवडून घ्यावा लागतो.

मग वायरींचे लग, म्हणजे टोकांना बसवलेल्या धातूच्या टोप्या, बघा. हीटरला जाणाऱ्या जाड वायरीचा लग निळसर-काळा पडला असेल, बाजूचं इन्सुलेशन कडक झालं असेल, तर तो सैल होता. नुसता दाबून बसवू नका. कापून, उष्णता सोसणाऱ्या वायरीवर नवा लग क्रिंप करून (खास पकडीने आवळून) घ्या. इथे साधी पीव्हीसी वायर चालत नाही, ती वितळते. बोर्डावरच्या बारीक कनेक्टरांना एकेक करून काढून परत नीट बसवा. एवढ्यानेच चालू झालेले ओव्हनही आहेत.

तापमानाचा सेन्सर

डिजिटल ओव्हनच्या आत, मागच्या भिंतीवर किंवा वरच्या कोपऱ्यात पेन्सिलपेक्षा बारीक अशी स्टीलची कांडी असते. तो सेन्सर. ओव्हन मधेच थांबतो, केक वरून करपून आत कच्चा राहतो, सुरू करताच कोड येतो, अशा तक्रारींत मी सगळ्यात आधी हाच मोजतो, कारण मोजायला दोन मिनिटं लागतात.

सेन्सरचा कनेक्टर बोर्डापासून सोडवा आणि त्याच्या दोन तारांमध्ये ओहम मोजा. बऱ्याच ओव्हनमध्ये पीटी १००० जातीचा सेन्सर असतो. शून्य अंश सेल्सिअसला त्याचं रीडिंग १००० ओहम असतं आणि तापमान वाढेल तसं वाढत जातं: २५ अंशाला १०९७, ३० अंशाला १११७, २०० अंशाला १७५८ च्या आसपास. काही कंपन्या पीटी ५०० वापरतात, त्याचे आकडे बरोबर निम्मे. ओटीजीत बऱ्याचदा एनटीसी असतो. त्याचं उलटं असतं, तापमान वाढलं की ओहम कमी होतात, आणि त्याचा मूळ आकडा पुस्तिकेतच बघावा लागतो.

मीटर काहीच दाखवत नसेल तर सेन्सर आतून तुटलाय. शून्याजवळ दाखवत असेल तर शॉर्ट झालाय. आकडा बरोबर वाटला तरी थांबू नका, त्याला उकळत्या पाण्यात तपासा. पातेल्यात पाणी खळखळ उकळवा, सेन्सरची फक्त स्टीलची टोकाकडची बाजू आत बुडवा, वायरीचा जोड कोरडा ठेवा. इथे आपलं गाव कुठे आहे हे महत्त्वाचं ठरतं. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि पीटी १००० चं रीडिंग १३७७ च्या जवळ यायला हवं. महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर, पाणी साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळतं, म्हणून तिथे १३६८ च्या जवळचा आकडा बरोबर. पाच-दहा ओहमचा फरक मीटरचा आणि वायरीचा समजा. पन्नास-शंभरचा फरक असेल, किंवा वायर हलवली की आकडा उड्या मारत असेल, तर सेन्सर बदला. बोर्डाच्या तुलनेत तो खूपच स्वस्त असतो. नवा घेताना जुना सोबत न्या, म्हणजे कांडीची लांबी, कनेक्टर आणि ओहम तिन्ही जुळतील.

हीटर आणि थर्मल कटआउट

रिले टिक् करतो, पण ओव्हन गार. अशा वेळी हीटरच्या दोन्ही वायरी काढून त्याच्या टोकांमध्ये ओहम मोजा. हिशेब सोपा आहे: २३० गुणिले २३० भागिले वॅट. १००० वॅटच्या हीटरला ५३ ओहम, १५०० ला ३५, २००० ला २६. गार हीटरचा आकडा थोडा कमी-जास्त असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय आणि बोर्डाचा काही दोष नाही. हीटरचं टोक आणि ओव्हनचा पत्रा यांच्यातही मोजा. तिथे काहीही दिसता कामा नये.

मागच्या भिंतीवर नाण्याएवढी, दोन टोकांची चकती असते. हा थर्मल कटआउट. गार असताना तो शून्य ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो उडालाय, म्हणजे ओव्हन कधीतरी प्रमाणाबाहेर तापला होता. काहींच्या मध्यभागी बारीक बटण असतं, ते दाबून तो पूर्ववत होतो. बाकीचे बदलावे लागतात. तो का उडाला, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका: फॅन जाम आहे का, कपाट कोंदट आहे का, एखादा रिले चिकटलाय का. कटआउटच्या दोन वायरी एकत्र पिळून ओव्हन चालू करून देणारे लोक आहेत. त्यांना घरातून बाहेर काढा. त्यानंतर ओव्हन तापतच राहिला तर त्याला थांबवणारं काही उरत नाही, आणि आजूबाजूला प्लायवूडचं कपाट असतं.

बटणं आणि टच पॅनल

एखादं बटण अडकलं असेल किंवा पॅनलमध्ये ओल शिरली असेल तर बोर्डाला वाटतं की कोणीतरी सतत बटण दाबतंय. वीज बंद असतानाच पॅनलची चपटी रिबन केबल बोर्डापासून काढा, पत्रे परत लावा आणि मगच ओव्हनला वीज द्या. कोड किंवा बीप थांबली तर दोष पॅनलचा. रिबनची टोकं अल्कोहोलने पुसून पुन्हा लावून बघा, मग पॅनल बदला. क्लीनरचा फवारा थेट पॅनलवर कधीच मारू नका, तो कडेने आत झिरपतो. कापडावर घ्या, पिळा, मग पुसा.

आता बोर्ड

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच बोर्डाकडे या. हे काम सोल्डरिंग येणाऱ्याचं आहे. पण काय तपासलं गेलं पाहिजे हे आपल्याला माहीत असलं, तर कोणी फसवू शकत नाही.

डिस्प्ले पूर्ण बंद असेल तर आत येणाऱ्या वायरीजवळचा फ्यूज आणि त्याच्या शेजारची निळी किंवा पिवळी चकती बघा. ही चकती म्हणजे एमओव्ही. व्होल्टेज वाढलं की ती स्वतः जळून पुढच्या भागाला वाचवते. फुटलेली, काळी पडलेली चकती आणि उडालेला फ्यूज, एवढंच नुकसान झालं असेल तर दोन्ही बदलून बोर्ड पुन्हा उभा राहू शकतो. चकतीवर ४७१ लिहिलं असेल तर ४७१ चीच घ्यायची, व्यासही तोच. नवा फ्यूज टाकला की पहिल्यांदा थेट वीज न देता हीटरच्या वायरी काढून सिरीज बोर्डावर, शंभर वॅटच्या तारेच्या बल्बमधून वीज द्यावी. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर बोर्डात अजून शॉर्ट आहे. मंद राहिला किंवा विझला तर पुढे जायला हरकत नाही.

डिस्प्ले मंद आहे, घड्याळ मागे पडतं, रिले टिकटिक करतो पण धरत नाही. हे लक्षण ट्रान्सफॉर्मर नसलेल्या बोर्डावर सगळ्यात जास्त दिसतं, आणि त्याचं कारण तोच वीज उतरवणारा चौकोनी कपॅसिटर. वर्षानुवर्षं मेनच्या धक्क्यांनी त्याची क्षमता झिजते. बाहेरून तो नवाकोरा दिसतो, म्हणून डोळ्यांनी कळत नाही. एक टोक सोडवून मीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर मोजावा लागतो. वर ०.६८ मायक्रोफॅराड लिहिलंय आणि मीटर ०.४ दाखवतोय, तर तोच गुन्हेगार. त्याच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा, ‘एक्स २’ शिक्का असलेला, तेवढ्याच एसी व्होल्टचा घ्यायचा. साधा डीसीचा कपॅसिटर तिथे लावणं म्हणजे आगीला बोलावणं. त्याच्या पुढचे उभे गोल कपॅसिटर डोक्याला फुगले असतील तर तेही बदलून घ्या.

एक हीटर तापतच नाही किंवा थांबतच नाही, तर रिले तपासा. वीज बंद असताना रिलेच्या मोठ्या दोन पायांमध्ये, हीटरच्या वायरी काढून, कंटिन्युइटी (मीटरच्या बीपच्या रेंजवर आरपार जोड आहे का) बघा. वीज नसताना बीप आली तर संपर्क आतून चिकटले आहेत. असा ओव्हन रिले बदलेपर्यंत एकदाही वापरू नका. रिले हलवल्यावर बिघाड येतो-जातो असं असेल तर भिंग घेऊन त्याच्या पायांभोवतीचं सोल्डर बघा. गोल बारीक भेग दिसली की ड्राय सोल्डर. तिथे नव्याने सोल्डर भरलं की काम होतं. रिले घेताना कॉइलचे व्होल्ट, संपर्काचे अँपिअर आणि पायांची मांडणी, तिन्ही जुळवा.

प्रोसेसरच जळाला असेल, बोर्डाचे थर कोळसा झाले असतील, तर बोर्ड बदलण्याला पर्याय नाही. पण ते फ्यूज, कपॅसिटर आणि रिले मोजून झाल्यावरचं वाक्य आहे.

पावसाळा आणि पूर

महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या बाजूला पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं. महिनाभर न वापरलेला ओव्हन तिथे चालू केला की आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. हीटरच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती हवेतली ओल शोषते. हीटरचं टोक आणि पत्रा यांच्यात मीटर काही लाख ओहम दाखवू लागला तर हीच ओल. हीटर काढून कडक उन्हात किंवा दुसऱ्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवला की बहुतेक वेळा आकडा नाहीसा होतो. आरसीसीबी बाजूला काढून ओव्हन चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रिकामा ओव्हन शंभर अंशावर अर्धा तास चालवत राहिलात तर ही वेळच येत नाही.

पुराचं प्रकरण वेगळं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. तेव्हा सांगलीतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत ओव्हन गाळात बुडाले. बाहेरून धुऊन, उन्हात ठेवून असा ओव्हन चालू करण्याची घाई करू नका. बोर्ड स्वच्छ पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन वाचतो, हीटरही वाळतो. पण पत्र्यांच्या मधलं लोकरीसारखं इन्सुलेशन गाळाचं पाणी आठवडे धरून ठेवतं. ते बदलल्याशिवाय आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) किमान एक मेगाओहम मिळाल्याशिवाय वीज द्यायची नाही. माझ्या मते, इन्सुलेशनपर्यंत गाळ गेलेला साधा ओटीजी दुरुस्तीच्या भानगडीत न पडता टाकून द्यावा. महागडा बिल्ट-इन असेल तरच खर्च करा.

तंत्रज्ञ आला की

आकडे विचारा. सेन्सरचं रीडिंग किती आलं? हीटर किती ओहमचा निघाला? फ्यूज तपासला का? रिले टिक् करतो का? मोजून सांगणारा माणूस चिडत नाही, उलट खूश होतो. बोर्ड बदलला तर जुना बोर्ड आणि पक्कं बिल दोन्ही मागून घ्या. जुना बोर्ड घरात राहिला तर दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घेता येतो. कंपनी सुटे भाग द्यायला टाळाटाळ करत असेल तर ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आहे, तिथे कंपनीची माहिती बघा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, नोंदवता येते. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग सातारा आणि सांगली दोन्हीकडे आहे.

जोडणी झाल्यावर

फोटो समोर ठेवून सगळ्या वायरी लावा. कोणतीही वायर हीटरच्या नळीला किंवा मागच्या गरम पत्र्याला टेकता कामा नये. अर्थची हिरवी वायर आधी घट्ट बसवा, तिचं टोक आणि ओव्हनचा पत्रा यांच्यात शून्य ओहम बघा, मगच पाठ लावा. खिडकी उघडून रिकामा ओव्हन २०० अंशांवर अर्धा तास चालवा. आरसीसीबी पडत नाही, रिले टिक् टिक् करत मधेमधे थांबतो, फॅन फिरतो, घड्याळ जागेवर राहतं, एवढं दिसलं पाहिजे.

नंतर ओव्हनचा थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून १८० लावा. पहिलं रीडिंग धरू नका, कारण सुरुवातीला ओव्हन ठरवलेल्या तापमानाच्या वर जातो. वीस-पंचवीस मिनिटांनी, रिले दोन-तीन वेळा चालू-बंद झाल्यावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा लिहून मधला काढा. दहा-पंधरा अंशांची चढउतार साधी आहे. मधला आकडाच वीस अंशांनी इकडे-तिकडे असेल, तर बऱ्याच डिजिटल ओव्हनमध्ये तापमान दुरुस्त करायची सेटिंग असते, ती पुस्तिकेतून बघून जुळवा. मग नानकटाईचा एक घाणा लावून बघा. चारही कोपऱ्यांत सारखा रंग आला की झालं.

शेवटचं काम म्हणजे एका कागदावर तारीख, मॉडेल नंबर, सेन्सरचं रीडिंग, प्रत्येक हीटरचे ओहम, सॉकेटवरचे व्होल्ट आणि बदललेले भाग लिहा आणि तो कागद कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. पुढच्या वेळी ओव्हन बिघडला की त्याच जागी पुन्हा मोजा. ज्याचा आकडा बदललेला दिसेल, तिथून तपास सुरू करा.